आठ-दहाचं विमान

नागपूर पूर्व रेखांश एकोणऐंशीवर आहे आणि टोरोंटो पश्चिम रेखांश एकोणऐंशीवर. मधलं अंतर हवेतून साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. पृथ्वीच्या गोलावर या दोन गावांमध्ये दोरा ताणला तर तो आडवा जात नाही, सरळ उत्तरेला चढतो, ग्रीनलंडच्या बाजूने वळसा घेतो आणि पलीकडे उतरतो. हे मी नववीच्या पोरांना सत्तावीस वर्षं शिकवतो आहे. यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतः त्या दोऱ्यावरून जाऊन आलो. शाळेतले सगळे म्हणाले, सर, लिहून काढा. नायगारा, मोठे रस्ते, गोरी माणसं असं काही त्यांच्या मनात असणार. ते थोडंफार येईल. पण मी गेलो होतो एका वेगळ्या कामासाठी, आणि ते वगळून नुसता धबधबा लिहायला हात उचलत नाही.

माझी धाकटी बहीण रंजना बारा वर्षांपासून तिथे असते. या बारा वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो. तीन वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा रंजूला तिचं शेवटचं दर्शन झालं नाही, आणि ते माझ्यामुळे. कसं, हे तिला माहीत नव्हतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. ते तिला तोंडाने सांगायचं होतं. फोनवर तीन वर्षांत जमलं नाही, म्हणून तिकीट काढलं.

नागपूर

वैतागाला घरापासूनच सुरुवात झाली. माझ्या बायकोने, वंदनाने, बॅगेत कुरड्या, सांडगे, आंब्याचं लोणचं आणि दोन किलो भिवापुरी तिखट भरलं. माझे कपडे उरलेल्या फटींमध्ये. मी म्हटलं, "अगं, तिथे सगळं मिळतं."

"मिळते, पण आपल्या घरचं मिळते काय? अन् तुम्ही बारा वर्षांनी चालले, हात हलवत जाल?"

मी बॅगेवर बसलो आणि चेन ओढली.

आमचं घर बेसा भागात आहे, विमानं उतरतात त्या रेषेखाली. रोज सकाळी आठ-दहाला दिल्लीचं विमान चाकं काढून आमच्या गच्चीवरून जातं. आई दोरीवर कपडे टाकता टाकता वर बघायची आणि म्हणायची, "आलं पाह्य रंजूच्या गावचं."

मी दर वेळी दुरुस्ती करायचो. "आई, ते दिल्लीचं आहे."

"मंग रंजू दिल्लीलेच तं बदलते ना विमान? तेच हे."

हे ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

विमानतळ घरापासून पंधरा मिनिटांवर असूनही तीन तास आधी यायला सांगितलं होतं, आणि पोचल्यावर कळलं की विमान दीड तास उशिरा आहे. तपासणीत पट्टा काढायला लावला. गेल्या वर्षभरात माझं वजन उतरलं आहे, पँट पट्ट्याच्याच भरवशावर असते. एका हाताने पँट आणि दुसऱ्या हाताने ट्रे धरून मी आयुष्यातल्या पहिल्या विमानप्रवासाला सामोरा गेलो. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, हात वर करा." मी म्हटलं, "एकच करता येईल."

दिल्लीच्या पुढे

दिल्लीतले सात तास सोडून देतो. तिथे काही घडलं नाही, आणि ते फार हळू घडलं.

मोठ्या विमानात माझ्या शेजारी अमरावतीच्या एक काकू आल्या. सत्तरीच्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या, तिसरी खेप. विमान सुटल्यापासून त्या दर अर्ध्या तासाला विचारायच्या, "किती वाजले गा भाऊ?"

चौथ्यांदा मी वैतागून म्हटलं, "कुठचे सांगू, काकू? दिल्लीचे, टोरोंटोचे, का आता खाली जे काही आहे तिथले?"

"कुठचे म्हणजे? अमरावतीचे. आमच्या बुढ्याले नऊची गोळी असते."

"मग इथून तुम्ही काय करणार?"

"करत नाही काही. पण नऊ वाजले का मले माहीत पाहिजे का नाही?"

मी नऊ वाजले ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, हात जोडल्यासारखे केले आणि मग माझ्याकडे वळल्या. आता माझी पाळी होती.

"बहिणीकडे चालले म्हणता? कितव्यांदा?"

"पहिल्यांदा."

"बाप्पा! अन् ती कवाची राहून राहिली तिथं?"

"बारा वर्षं."

"भांडण आहे काय?"

"नाही."

"मंग काहून नाही गेले?"

"जमलं नाही. लांब आहे ना."

"लांब कायचं गा! खुर्चीत बसलं का पोचते माणूस. पाय दुखते फक्त." असं म्हणून त्यांनी माझ्या पुढ्यातला गोड पदार्थ उचलला. "हे खात नसाल तं देजा मले."

समोरच्या पडद्यावर एक चिमुकलं विमान होतं आणि खाली, पोचायला अकरा तास वीस मिनिटं. थोड्या वेळाने अकरा तास सतरा. पडदा बंद करायचं बटण मला सापडेना. विचारायला लाज वाटली. त्यामुळे पूर्ण वाट मी ते आकडे बघत गेलो, आणि त्या आकड्यांमुळेच ती सकाळ पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आली. आता सांगूनच टाकतो.

आई मे महिन्यात, पहाटे पाचला गेली. मी लगेच रंजूला फोन केला. टोरोंटोत आदल्या दिवशीची संध्याकाळ होती, साडेसात. ती रडली, आणि थोड्या वेळाने तिने विमानाच्या वेळांचा फोटो पाठवला. तिकडून मध्यरात्रीनंतर सव्वाला सुटायचं, दिल्लीत बदलायचं, नागपूरला दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा. खाली लिहिलं होतं, "दादा, थांबवशील ना?"

आमच्याकडे मयत झाली की जमलेली माणसं पहिला प्रश्न विचारतात, "कोणाची वाट पाहाची आहे काय?" कन्हानहून मोठे काका आले होते, त्यांनी तोच विचारला. दिवस मावळल्यावर आमच्यात मयत काढत नाहीत, त्यामुळे सगळा हिशोब सूर्यावर बसतो. मी फोटो बघितला आणि डोक्यात घेतलं की ही आठ-दहाची वेळ तिच्याकडच्या घड्याळातली आहे. तिकीट तिकडचं, वेळ तिकडची. त्यात साडेनऊ तासांचा फरक मिळवला. संध्याकाळचे पाच-चाळीस झाले. विमानतळाबाहेर निघून घरी पोचेपर्यंत साडेसहा, घाटावर जाईपर्यंत अंधार. म्हणजे आणखी एक रात्र, तिसरा दिवस. पंचेचाळीस डिग्रीत. काका म्हणाले, "नाही जमत गा." मी रंजूला फोन केला. "नको येऊ वं. तू पोहोचेपर्यंत दिवस मावळते."

ती म्हणाली, "बरं."

विमानाच्या वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे लिहितात. मी भूगोलाचा मास्तर. रेखांश आणि स्थानिक वेळ हा धडा मला तोंडपाठ आहे. तरी चूक झाली. ही चूक माफ होण्यासारखी आहे, आईचं प्रेत समोर असताना कोणाचीही होईल. पण मी सांगतोय ते याच्या पुढचं आहे.

मंडपवाल्याला दोरी कुठे बांधायची ते दाखवायला मी गच्चीवर गेलो होतो. तेवढ्यात डोक्यावरून दिल्लीचं विमान गेलं. चाकं बाहेर. मी सवयीने घड्याळ बघितलं. आठ-दहा.

तिथेच कळलं. उद्या याच विमानातून रंजू उतरू शकते, आणि साडेनवाला आईजवळ बसू शकते. तिच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे दहा-चाळीस. विमान सुटायला अडीच तास होते. तिचं घर तिथल्या विमानतळापासून अर्ध्या तासावर. फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता.

मी मंडपवाल्याला म्हटलं, "कठड्याला बांध." आणि खाली आलो. चार वाजता आईला नेलं.

दुपारी चारची वेळ सगळ्यांना कळवली होती, म्हणून बदलली नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं तसं नाही. आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होती. तिचं सगळं मी आणि वंदना करत होतो. रंजू फोनवरून सांगायची, दादा, तिला प्रोटीन दे, दादा, तिला कुशीवर वळव. आणि शेवटच्या महिन्यात आई मला ओळखत नव्हती. मला "डॉक्टरसाहेब" म्हणायची. पण फोनवर रंजूचा आवाज आला की तिचा चेहरा उजळायचा. "रंजू, जेवली काय वं?" म्हणून विचारायची. मला वाटलं, ही येईल, सगळं घर हिच्याभोवती गोळा होईल, हिचं रडणं मोठं होईल. निदान आजचा दिवस आई माझी एकट्याची असू दे. इतकंच. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

"किती वाजले गा भाऊ?" काकूंनी विचारलं.

ग्रीनलंड होतं खाली. पांढरंफेक, फाटलेल्या पापडासारखं. सत्तावीस वर्षं ज्याचा नकाशा काढला ते खिडकीखाली होतं आणि मला त्यात काडीचा आनंद होत नव्हता, याचाच मला जास्त राग आला.

टोरोंटो

कस्टमच्या बाईने कुरड्यांचं पाकीट उजेडात धरलं आणि विचारलं, हे प्लास्टिक आहे का? मी म्हटलं, गहू. तिने पुन्हा बघितलं. गहू असा नसतो, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. गहू तीन दिवस भिजवतात, वाटतात, चीक काढतात, तो शिजवून साच्यातून पाडतात, उन्हात वाळवतात, हे इंग्रजीत सांगताना मला घाम फुटला. तिने विचारलं, एवढं सगळं कशासाठी? मी म्हटलं, तळून खाण्यासाठी. सोडलं तिने, बहुतेक दया येऊन. तिखटाचं पाकीट मात्र बॅगेत फुटलं होतं. पुढचे पंधरा दिवस मी लालसर बनियनात वावरलो आणि माझ्याजवळ येणारा माणूस शिंकत होता.

रंजू बाहेर उभी होती. केस पिकले होते. फोनवर ते दिसत नव्हते, का मी बघत नव्हतो. ती माझ्या पाया पडली आणि लगेच म्हणाली, "किती वाळला रे दादा तू! वहिनी जेवायला देत नाही काय?"

तिचा नवरा महेश पुण्याचा. माणूस सरळ, पण आकडेवारीचा नाद. त्याच्या फोनवर जगातली सगळी विमानं दिसतात. गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "दादा, तुम्हाला समोरचा वारा लागला. येताना पंधरा तासांवर गेले. परत जाताना बघा, तास-दीड तास कमी. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना वारा मागून ढकलतो."

म्हणजे रंजूची वाट माझ्याहून जवळची होती. हे मला आधीच माहीत होतं. दहावीच्या पुस्तकात आहे. पण कोणी ते विमानतळावरच तोंडावर मारायला नको होतं.

त्या गावाबद्दल लिहायचं तर रस्ते आहेत, माणसं नाहीत. माझी शाळा इतवारीत आहे. हातगाड्या, टेंपो आणि धान्याची पोती यांच्यामधून अंग चोरत मी रोज शाळेत जातो, आणि रोज त्या गर्दीला शिव्या घालतो. तिथे सकाळी फिरायला गेलो तर अर्ध्या तासात एक कुत्रा आणि त्याला धरलेली एक म्हातारी भेटली. दोघांनीही माझ्याकडे बघितलं. कपडे यंत्रात वाळवतात. बाहेर लख्ख ऊन, आणि कपडे घरात फिरतायत. मी रंजूला म्हटलं, एक दोरी बांधून देतो मागे. ती म्हणाली, सोसायटीवाले बांधू देत नाहीत. आणि दिवस मावळतच नाही. आठ वाजतात, साडेआठ वाजतात, तरी सूर्य आपला झाडांवर. जेवून हात धुतले तरी ऊन. मला ते ऊन सहन होत नव्हतं. दिवस मावळायच्या नावावर मी जे केलं होतं त्याची चेष्टा चालली आहे असं वाटायचं.

सांगायचं सांगायचं म्हणत सहा दिवस गेले. कधी महेश समोर, कधी तिची ऑफिसची मीटिंग, कधी मी म्हणायचो जेवण तर होऊ दे. सातव्या दिवशी, शनिवारी, ती कुरड्या तळायला उभी राहिली. पहिली कुरडई तेलात फुलली तशी ती लहान पोरीसारखी हसली.

"आईच्या साच्याच्या आहे ना रे?"

"हो. साचा आईचाच. वंदनानं पाडल्या."

"मले वाटलंच. जाळी पाह्य कशी बारीक."

मी म्हटलं, "रंजू, आई गेली त्या दिवशी तू येऊ शकत होती."

तिने झारा धरलेला हात तसाच ठेवला. तेल तापत होतं. मी बोलत गेलो. गच्ची, विमान, घड्याळ. "मले सकाळी आठ-दहालेच समजलं होतं वं. तुह्या विमानाले अडीच तास होते. मी..." आणि तेवढ्यात छतावरचं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. कुरडई जळून कोळसा झाली होती. वरून महेश धावत आला, टॉवेल फडकवत, "खिडकी उघडा! खिडकी उघडा!" मी खिडकी शोधतोय, ती उघडायची कशी ते कळत नाही, यंत्र ओरडतंय, आणि रंजू गॅस बंद करून भिंतीला टेकून उभी. तीन वर्षं साठवलेली गोष्ट अशी निघाली. यंत्र गप्प झालं तेव्हा महेश हसत म्हणाला, "हं, काय चाललं होतं तुमचं?"

"काही नाही," रंजू म्हणाली. "तू जा वर." तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुन्हा सांग. शेवटचं नाही ऐकू आलं."

मग पुन्हा सांगितलं. पूर्ण. आई मला डॉक्टरसाहेब म्हणायची तेही.

तिने जळलेली कुरडई झाऱ्याने बाहेर काढली. मग म्हणाली, "तुह्या वेळेचं गणित चुकलं, हे मले माहीत होतं."

"कवापासून?"

"दुसऱ्याच दिवशी समजलं. महेशनंच दाखवलं. तो लय चिडला होता तुह्यावर. मी म्हटलं, दादाच्या डोक्याले तेव्हा काय ताप असंल. गडबडीत चुकलं. मुद्दाम करणार नाही दादा." तिने झारा ओट्यावर आपटला. "तीन वर्षं हेच धरून बसली होती मी. चुकलं बिचाऱ्याचं. आता तेबी नेलं तू."

मी म्हटलं, "खोटं किती दिवस..."

"तुले हलकं वाटलं ना? बस. आता बोलू नको."

ती कढई घासायला लागली. जळलेलं निघत नव्हतं, तरी घासत होती.

नायगारा

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, औषध घेतलं का हे महेशकडून विचारायची. महेशला काय कळलं कोण जाणे, त्याने मला नायगाऱ्याला नेलं. नायगारा मोठा आहे. पाणी पडतं आणि पडतच राहतं. प्लास्टिकचा निळा रेनकोट घालून मी होडीत उभा होतो, अंगभर तुषार, आजूबाजूची माणसं आनंदाने ओरडत होती, आणि महेश मला सेकंदाला किती पाणी पडतं ते सांगत होता. मी म्हटलं, "महेश, पाच मिनिटं काही सांगू नका." तो बिचारा गप्प बसला. परतताना गाडीत फक्त एवढंच म्हणाला, "त्या रात्री गाडी दारात चालू होती, दादा. बॅग मागे ठेवलेली. तुमचा फोन आला आणि ती बॅग घेऊन परत आत गेली. चालत, अगदी हळू."

आकडे सांगणाऱ्या माणसाने आकड्याशिवाय सांगितलेली ही एकच गोष्ट.

परत

निघायच्या दिवशी रंजू विमानतळावर सोडायला आली. नऊ वाजत आले होते, तरी इमारतींच्या काचांवर ऊन होतं. मी त्याच विमानाने निघालो होतो. सव्वाचं. फोटोतलं. तिकीट काढताना मी ते मुद्दाम तसं काढलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. तिला कळलंच असणार.

दाराशी तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. सात दिवसांनी पहिल्यांदा सरळ बघितलं.

"माफ केलं असं म्हणत नाही मी," ती म्हणाली. "जमलं तं सांगीन."

"बरं."

"अन् यानंतर घरी कोणाचं काही झालं, कोणाचंबी, तं तू तास मोजत बसू नको. मले फक्त 'ये' म्हण. तास मी मोजीन."

वारा मागून होता. महेशने सांगितल्याप्रमाणे विमान लवकर पोचलं, आणि दिल्लीत मी ते वाचलेले तास बाकावर बसून घालवले. सकाळच्या नागपूरच्या विमानात खिडकीची जागा मागून घेतली. बेसा आलं. पाण्याच्या टाक्या, अर्धवट उभ्या इमारती, आणि मग एका क्षणापुरती आमची गच्ची. दोरीवर चादरी वाळत होत्या. वंदना डोळ्यांवर आडवा हात धरून वर बघत होती. चाकं टेकली तेव्हा मी घड्याळ बघितलं. आठ-दहा.

विमानाचं दार उघडायच्या आत मी रंजूला फोन लावला. तिने पहिल्या घंटीलाच उचलला.

"काय झालं? काहून फोन केला? वहिनी बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत," मी म्हटलं. "काही नाही झालं वं. ये."